आमची वाटचाल: काट्यावरून भिंगाखाली

बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आजोबांनी पेढी घातली ती चांदीची. पैंजण, करदोटे, जोडवी कोल्हापूरकडच्या हुपरीहून यायची आणि गिऱ्हाइकांनी आणलेली मोड परत हुपरीलाच जायची. त्या मोडीत राणीछाप, राजाछाप रुपये हमखास असायचे. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगली संस्थानचं, पण पेटीत साठवायला रुपया दोन्हीकडे तोच. त्यामुळे खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या जुन्या घरांत तो आजही निघतो. आजोबांचा हिशेब सरळ होता. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासूनचा असेल तर चांदी निम्मीच. ते वेगळे काढायचे, बाकी सगळे वितळवायला मुशीत.

वडिलांनी मुशीच्या आधी भिंग आणलं, ते १९११ च्या रुपयामुळे. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली. सरकारने नाणं मागे घेतलं, बहुतेक माल वितळवला आणि १९१२ पासून सोंड-कान ठळक करून हत्ती नव्याने कोरला. चांदी दोन्हीत तेवढीच. तरी १९११ चा रुपया संग्राहक कितीतरी पट देऊन नेतो आणि १९१२ चा साधा, झिजलेला रुपया वजनावर सुटतो. तेव्हापासून आमच्याकडे साल वाचल्याशिवाय रुपया मुशीत जात नाही.

जुनं तेवढं महाग, हा समज मात्र काही केल्या जात नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक १८६२ चा रुपया रुमालात बांधून आणतात, लाखाच्या आशेने. आता त्यांना कसं सांगायचं? टांकसाळी पुढची दहा-बारा वर्षं तेच साल घालून रुपये पाडत होत्या. नाण्यावरच्या बारीक ठिपक्यांच्या फरकावरून त्यातले काही प्रकार दुर्मीळ ठरतात, बाकी पोत्याने आहेत.

दुसरी गोष्ट राखण्याची. हुक्केरीकडच्या एक अज्जी रुपयांची माळ घेऊन आल्या. ‘चिंच लावून घासलीय बघ तम्मा, कशी लखलख करतीया.’ भिंगाखाली धरली तर राणीच्या केसांच्या रेषा सपाट, गालावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे आणि प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर कडी डाकलेली. हवेतल्या गंधकाने चांदीवर जो काळपट थर चढतो, तो संग्राहकाला हवाच असतो; नाण्याला हात लागलेला नाही, याची ती खूण. डाक लागलं, घासलं, की उरते फक्त धातूची किंमत. अज्जींना मी सांगितलं, मोडू नका, नातीच्या लग्नात घाला. त्यांनी ऐकलं, आमचा धंदा बुडाला.

माझ्या काळात परदेशी नाणी येऊ लागली. बेळगावची पोरं अमेरिकेत, दुबईत. सुट्टीला येताना एक औंसाची नाणी आणतात. ३१.१ ग्रॅम, चोख चांदी. ही मुळात गुंतवणुकीसाठी पाडलेली, म्हणून भाव चांदीचाच, वर थोडी अधिक रक्कम. पण त्यातही फरक पडतो. अमेरिकन ईगल १९८६ पासून निघतो. २०१५ साली तो ४ कोटी ७० लाख निघाला, १९९६ साली जेमतेम ३६ लाख. टिळकवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे वेगवेगळ्या सालांचे ईगल होते. त्यातलं १९९६ चं एक बाजूला काढून दिलं तर त्यांना आधी चेष्टाच वाटली. चिनी पांडा नाण्यावरचं चित्र जवळजवळ दरवर्षी बदलतं, म्हणून साखळी पुरी करायला गिऱ्हाईक मागचं साल शोधत राहतं. कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यावर कधी कधी दुधासारखे पांढरे डाग पडतात. वजनाला फरक नाही, पण संग्राहक तोंड फिरवतो.

२०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हा गंमत झाली. साध्या रुपयांवर जी थोडी वरकड मिळायची, ती चांदीच्या भावानेच गिळली. लोकांनी माळा, तांबे, रुपये सगळं आणून ओतलं. चांगल्या सालांचे रुपयेही त्या गर्दीत कुठे कुठे मुशीत गेले असणार. माझं मत असं की तेजी संपेल तेव्हा न घासलेला, न डाकलेला रुपया आजच्याहून कमी उरलेला असेल. म्हणून त्या दिवसांत आम्ही विकण्यापेक्षा निवडण्यातच जास्त वेळ घालवला.

आता आमच्या पावतीवर दोन ओळी असतात. एक चांदीच्या वजनाची, दुसरी नाण्याची. दुसऱ्या ओळीवर घासाघीस चालते, पहिलीवर नाही. आणि धनत्रयोदशीला लक्ष्मी-गणपतीचं नाणं घेणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो: हे पूजेसाठी घ्या. सरकारी टांकसाळीचं चलन नाही, साल नाही, हवी तेवढी निघतात. परत आणाल तेव्हा मजुरी वजा करून चांदीचाच भाव मिळेल, आमच्याच दुकानातून घेतलेलं असलं तरी.