तुम्ही विचारलंत म्हणून: त्रिनिदादला जाऊन खाल्लं काय?

"तिकडे खाण्याचं काय केलंत हो? भाजणी, मेतकूट नेलं होतं ना?" वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरून परत आल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, सोसायटीच्या जिन्यातही. भाजणी नेली होती, आणि पाकीट न फोडताच परत आणली.

पहिल्याच सकाळी आम्ही रस्त्याकडेला एका पेटीवाल्यासमोर उभे राहिलो. तिथे डबल्स मिळतात. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले 'बारा', म्हणजे पुरीसारख्या चकत्या, आणि त्यांवर रसदार छोले, म्हणजे त्यांचे 'चन्ना'. वर काकडी, चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. तिखट किती हवं ते आधी सांगायचं. 'स्लाइट' म्हणजे जरासं. कोल्हापूरचं तिखट खाणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी 'स्लाइट'च सांगावं, कारण मोरुगा स्कॉर्पियन ही जहाल मिरची याच बेटावरची आहे. कागदावरचा तो ऐवज बाराच्या तुकड्यांनी उचलत उभ्या उभ्या खायचा. माझी बोटं दुपारपर्यंत पिवळी होती.

हे पदार्थ तिथे कसे पोचले, ते समजून घेतल्याशिवाय त्यांची चव पुरती कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदराला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १९१७ पर्यंत सव्वा लाखाहून जास्त लोक करारावर गेले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. म्हणून तिथे आजही जिऱ्याला 'गीरा' म्हणतात, भाजलेल्या वांग्याच्या भरताला 'चोका', आणि पालेभाजीला चक्क 'भाजी'!

दालपुरी पाहिली तेव्हा मला आधी पुरणपोळी आठवली. शिजवून वाटलेली पिवळी डाळ कणकेत भरून पातळ लाटलेली, मग तव्यावर भाजलेली. पण गुळाऐवजी आत जिरं, लसूण, मिरची. तिच्यात बटाटा-छोल्यांची करी गुंडाळून देतात.

डेबे गावात मात्र मी चुकले. तिथे रांगेने तळणीची दुकानं आहेत. एका आंटीने साहिना पुढे केला: अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेला. मी आनंदाने म्हटलं, "ही तर आमची अळूवडी!" ती प्रेमानेच म्हणाली, "हा साहिना. माझी आजी करायची." मग तिने विचारलं, तुमच्याकडे कसं करतात? मी गूळ-चिंच सांगितली. तिने मान डोलावली आणि माझ्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला, आंब्याच्या चटणीसकट.

त्यानंतर मी 'आपल्यासारखं' शोधणं सोडलं आणि बेट मोकळं झालं. अळूचीच पानं भेंडी आणि नारळाच्या दुधात शिजवून घोटली की कॅलालू होतं. ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांच्या हातचं, आणि रविवारच्या जेवणात ते हवंच. त्यात बरेचदा खेकडा असतो, शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. मराकसच्या किनाऱ्यावर 'बेक'मध्ये, म्हणजे तळलेल्या पावात, शार्क मासा घालून देतात. आणि नीरफणस! कोकणात आपण त्याची कापं करतो. तिथे तो नारळाच्या दुधात, रस आटेपर्यंत शिजवतात. त्याला 'ऑइल डाऊन' म्हणतात. शेजारच्या ग्रेनाडाचा तर तो राष्ट्रीय पदार्थ आहे.

यंदा श्रावणात कुंडीतली अळूची पानं काढली, तेव्हा अर्ध्यांच्या वड्या केल्या. उरलेल्यांना गूळ-चिंच न घालता, नुसतं डाळीचं पीठ लावून तळलं. लेकीने विचारलं, "ही कसली अळूवडी?" मी म्हटलं, "हा साहिना."