साडेसात लाखांचा आकडा आणि अठरावी फेरी

माझा मुलगा बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याचा फास्टबॉल ताशी 93 मैलांवर गेला आणि आमच्या अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या मैदानावर होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो तिथे) वेग मोजायची रडार गन घेतलेले स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, दिसायला लागले. काही जण घरीही आले. आता त्याच्या वळणाऱ्या चेंडूबद्दल, कर्व्हबॉलबद्दल विचारतील म्हणून मी कान टवकारून बसले, तर एकाने वही उघडली आणि विचारलं, "या घरात शेवटचा शब्द कोणाचा?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. स्काउटने काहीतरी टिपून घेतलं आणि मग चकलीला हात घातला.

त्यांना हवं होतं ते एवढंच: निवडलं तर हा सही करणार का, आणि किती घेऊन?

मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीसाठी सहीच्या बोनसची रक्कम आधीच ठरलेली असते. त्यांची बेरीज म्हणजे संघाचा बोनस पूल, सह्यांवर खर्चायची मर्यादा. पोरगा सही न करता कॉलेजला गेला, की त्याची रक्कम पूलमधून वजा. 2014 मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने ब्रेडी एकन या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडलं, तपासणीत कोपराच्या लिगामेंटवरून बिनसलं, आणि त्याची सही झाली नाही म्हणून जेकब निक्स या दुसऱ्याच मुलाचा 15 लाख डॉलरचा ठरलेला सौदाही बुडाला. संघाला भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली, त्यात ॲलेक्स ब्रेगमन आला. एकनच्या कोपरावर मात्र तोवर शस्त्रक्रिया झाली होती.

नवऱ्याचं आवडतं उदाहरण पिचर कुमार रॉकर. आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपलाच वाटतो. 2021 मध्ये मेट्स संघाशी 60 लाख डॉलरवर बोलणी ठरली, तपासणीनंतर फिसकटली, आणि वर्षभराने रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेऊन 52 लाख दिले. नवरा रॉकर म्हणाला की मी एकन म्हणायचे.

आमच्या सल्लागाराने (एजंटच तो, पण कॉलेजची पात्रता टिकवायची तर सल्लागार म्हणायचं) किती बोनसवर सही करणार तो आकडा मागितला. आम्ही जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला: कर, सल्लागाराचा वाटा, कॉलेजची मिळालेली अर्धवट शिष्यवृत्ती, आणि सगळ्यात खालच्या लीगमधला वर्षाचा 19,800 डॉलर पगार. साडेसात लाखांवर थांबलो. काही पालक घासाघीस होणारच म्हणून आकडा फुगवून सांगतात. मला ते पटत नाही. संघ तो आकडा खरा धरतो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

2024 च्या ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत फोन आला. "साडेचार लाख. हो की नाही?" विचार करायला वेळ नाहीच, घड्याळ चालू असतं. मुलाने आमच्याकडे न बघता सांगितलं, "नो सर, थँक यू." फोन बंद. त्या फेरीत त्यांनी कॉलेजचा एक शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) घेतला.

गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी, अठराव्या फेरीत, त्याच संघाने त्याचं नाव पुकारलं. दहाव्या फेरीनंतर सही झाली नाही तर संघाचं काहीच जात नाही, आणि दीड लाखापर्यंतचा बोनस पूलमध्ये धरतच नाहीत. वरच्या फेऱ्यांतलं कोणी ठरलेल्या रकमेपेक्षा स्वस्तात पटलं, तर उरलेले पैसे अशा मुलाला देता येतात. म्हणून नाव घेऊन ठेवायचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडला. कुणाकुणाला काय समजावणार?

मुदत 1 ऑगस्टची. त्यांच्या वरच्या मुलांच्या सह्या जवळजवळ पूर्ण रकमेवर झाल्याच्या बातम्या येत गेल्या, आणि तसतसे आमच्याकडचे फोन विरळ होत थांबले. मुदतीच्या दिवशी मुलगा कॉलेजच्या खोलीसाठी चादरी घेत होता.

सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मग पुढच्या वर्षी परत बसता येतं का?"

"नाही आई, चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तीन वर्षं थांबावं लागतं. आता 2027."

"तोवर शिकेल तरी," म्हणाल्या, आणि त्याच्या जेवणाचं काय ते विचारू लागल्या.