युंगला देव 'माहीत' होता म्हणे

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. कार्ल युंगसारखा एवढा मोठा मानसशास्त्रज्ञ म्हणाला की मला देवावर विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीतच आहे, म्हणजे घ्या, सायन्सनेच देव मान्य केला! म्हणाला तो खरंच, १९५९ च्या बीबीसीच्या मुलाखतीत. पण नंतर त्यानेच पत्र लिहून खुलासा केला, की अमुक एक देव आहेच असा माझा दावा नाही, माझ्या मर्जीला न जुमानणारं काहीतरी मला आतून गाठतं एवढं मला माहीत आहे आणि त्याला मी देव म्हणतो. हे फॉरवर्डमध्ये कुणी टाकत नाही.

त्याचे वडील पाद्री. अकरा-बारा वर्षांचा असताना स्वित्झर्लंडमधल्या बासेलचं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघून त्याच्या डोक्यात एक विचार यायला लागला, तो पाप वाटला म्हणून पोराने दाबून धरला, रात्री झोप नाही, आणि शेवटी येऊ दिला तर काय, देव वर सिंहासनावर बसलाय आणि त्याची विष्ठा पडून कॅथेड्रलचं नवंकोरं छप्पर फुटतंय! आपल्याकडं घरात असं बोललं असतं तर कानाखालीच बसली असती. त्याला मात्र रडू येईपर्यंत हलकं वाटलं, पण हे त्याने कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. पुढं धर्मशिक्षणाच्या तासाला तो ख्रिस्ती त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) धड्याची वाट बघत बसलेला, तर शिकवणारे वडीलच म्हणाले, हे सोडून देऊ, मलाच यातलं काही कळत नाही. प्रामाणिक माणूस, पण श्रद्धा होती आणि अनुभव नव्हता, असं युंगचं मत.

आमचा एक चुलतभाऊ सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, धरतो. एरवी नास्तिकच म्हणा, पण 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' सुरू झालं की काठीचं वजनच कळत नाही म्हणतो. का, ते विचारलं की चिडतो. युंगने त्याला देव आहे की नाही हे विचारलंच नसतं, नेमकं काय वाटलं तेच खोदून खोदून विचारलं असतं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. १९३७-३८ मध्ये तो भारतात आला, दक्षिणेतही फिरला, आणि तिथल्या तिरुवण्णामलईच्या आश्रमातल्या रमण महर्षी या संतांना मुद्दाम भेटला नाही, का तर आपलं सत्य आपणच शोधायचं, उसनं घ्यायचं नाही. अहो पण एवढ्या लांब आलात, बसून तरी यायचं की जरा वेळ, दीक्षा घ्या म्हणून कोण मागं लागलं होतं?