पावरीच्या पट्टीत

धुळ्याच्या एका बँडमध्ये मी कॅसिओ वाजवतो. लग्नसराई संपली की साक्री रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये संध्याकाळी बसतो. तेथील गिऱ्हाईक सूर ऐकत नाही, फक्त 'अजून फास्ट' एवढेच सांगते. त्यामुळे पिंपळनेरच्या पलीकडील कोकणा आदिवासींच्या एका पाड्यावर हळदीच्या रात्री जे घडले, ते माझ्यासाठी अगदीच निराळे होते.

सुपारी नवरदेवाकडची होती, परंतु पाड्यातील जाणत्यांनी पावरी वाजल्याशिवाय नाच सुरू होणार नाही असे ठामपणे सांगितले. भोपळा आणि बांबू यांचे हे फुंकून वाजवायचे वाद्य आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मी दुरून ऐकले होते. पावरीसोबत वाजवण्याची वेळ प्रथमच आली. पावरी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी फुंक घातली आणि मी कॅसिओवर तो स्वर शोधू लागलो, तर तो काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी, पांढरी दोनकडे थोडा झुकलेला सापडला. पट्टी बदलायचे ट्रान्सपोजचे बटण अर्ध्या स्वराच्या पायरीनेच सरकते, म्हणून ते येथे निरुपयोगी ठरले. मी बाबांकडे पाहिले, तेव्हा ते हसून म्हणाले, "भाऊ, मन्हा भोपळा काय बदलस? तूच तुन्हं मशीन फिराव."

मग मी सूक्ष्म ट्यूनिंगचा पडदा उघडला आणि ४४० हर्ट्झवरचा मूळ स्वर हळूहळू ४३२ पर्यंत उतरवला, तेव्हा कुठे दोन्ही आवाजांतील थरथर थांबली. ट्रम्पेटवाल्याने ट्यूनिंगची नळी बाहेर ओढून आपला स्वर खाली आणला. नळी इतकी ओढल्यावर कळ दाबून काढलेले काही स्वर डगमगतातच, ते त्याने ओठांनी सांभाळले. (ही कसरत ऐकणाऱ्याला कळत नाही आणि बिदागीतही धरली जात नाही.)

खरी अडचण तालाची निघाली. आमचा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरचा पोरगा, लूप म्हणजे आपोआप फिरत राहणारा तयार ठेका लावून वाजवतो आणि लूपचा वेग एकदा ठरला की बदलत नाही. येथे मात्र कमरेला हात घालून गोल धरलेल्या नाचणाऱ्यांच्या पावलांवर बाबा लय वाढवत आणि सोडत होते, त्यामुळे दुसऱ्याच फेरीत नाच एकीकडे आणि बँड दुसरीकडे गेला. आमच्या बँडमास्तरांनी लूप बंद करायला लावला. त्या पोराने नुसत्या काड्यांनी, नाच पुढे नेणाऱ्याच्या पायावर डोळा ठेवून वाजवायला घेतले, आणि आमच्या बँडच्या तयार ठेक्यांत कधी न आलेले वजन त्या ठेक्यात आले, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियमाप्रमाणे रात्री १० वाजता स्पीकर बंद केला. तेव्हापासून पिंपळनेरकडची सुपारी आली की मास्तर बिदागी ठरवण्याआधी पावरी आहे का हे विचारतात, आणि असेल तर लूपशिवाय वाजवू शकणारा गडी सोबत घेतात.