घड्याळाखालचा पांढरा पट्टा

ती आत आली तेव्हा तिच्या गळ्यात नवी तुळशीची माळ होती. मी विचारलं, "काय गं, दर्शन झालं का?" ती म्हणाली, "कसलं मॅडम, रांग बघूनच आजी म्हणाली कळसाला हात जोडू." आम्ही दोघी हसलो. मग ती खुर्चीवर आडवी झाली, मी फाइल उघडली. माळ मला दिसली होती, हात दिसले नव्हते.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले होते, नको असलेले केस काढायचा डायोड लेझरही हाताखालचा झाला होता. मुलगी चोविसेक वर्षांची, सासवडजवळच्या गावातली, पुण्यात नोकरीला. हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर दाट केस. पहिल्या भेटीत आजी सोबत होत्या. पाळी अनियमित म्हणून आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करायला लावली, पीसीओडी, म्हणजे बीजकोशांशी संबंधित हॉर्मोनची गडबड, निघालं. तेव्हाच सांगितलं होतं, की हॉर्मोन जागेवर नसतील तर हनुवटीवर नवे केस येत राहणार, अधूनमधून यावं लागेल. "कायमचे जातात" असं मी कुणालाच सांगत नाही. औषधं-यंत्रांना परवानगी देणारी अमेरिकेची एफडीएसुद्धा 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणू देते, समूळ उच्चाटन नाही. शिवाय चेहऱ्यावर, विशेषतः आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या बायकांत, लेझरनंतर क्वचित जबड्याच्या कडेला उलटे जास्त केस येतात, तेही सांगितलं होतं.

आजींना वेगळीच काळजी. "ह्यो फोटो काढायचा एक्सरे न्हवं ना? त्यानं कॅन्सर हुतो म्हणत्यात." भीती अगदीच वावगी नव्हती. 1920च्या दशकात अमेरिकेत सलूनमधून खरोखरच क्ष-किरणांनी बायकांचे केस काढत, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांतल्या अनेकींना त्वचेचे कर्करोग झाले. पण लेझर म्हणजे नुसता प्रकाश. माझ्या यंत्राचा 810 नॅनोमीटरचा, लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. तो पेशीतल्या डीएनएची मोडतोड करत नाही, फक्त तापवतो. डोळ्यांना मात्र घातक, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला गॉगल. आजींनाही घातला, तर म्हणाल्या, "आता मोटरसायकल तेवढी द्या."

तापवतो, पण कुणाला? सगळी मेख इथेच आहे. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडलेल्या तत्त्वावर हे सगळं उभं आहे. केसातल्या मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगद्रव्याला, हा प्रकाश शोषायला लावायचा. केस तापतो, ती उष्णता मुळाशी पोचते आणि केस पुन्हा उगवणाऱ्या पेशी जळतात. पण मेलॅनिन त्वचेतही असतं. मग त्वचा कशी वाचते? एक तर हँडपीसच्या टोकाला गार केलेली नीलमण्याची काच असते. दुसरं, वेळेचा हिशेब. त्वचेचा वरचा पातळ थर घेतलेली उष्णता काही मिलिसेकंदांत सोडून देतो, जाड केसाच्या मुळाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मी तिला 30 मिलिसेकंदांचा झोत देत होते, म्हणजे त्वचा निवत जाते आणि मूळ तापत जातं. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी एक अशा सहा-आठ सिटिंग.

तिच्या चार झाल्या होत्या, एकदाही तक्रार नाही. फाइलवर मागचा आकडा होता 22 ज्यूल. केस विरळ आणि बारीक झाले की ऊर्जा जरा वाढवावी लागते. मी 24 केली.

तिनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. जेल लावलं, सुरुवात केली. अर्धा हात झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आज जरा जास्त लागतंय."

"थोडंच राहिलंय."

हे दोन शब्द मी कसे बोलले, याचा आजही राग येतो. एरवी हुळहुळा चटका बसतो, रबरबँड फटकन लागावा तसा, आणि नंतर प्रत्येक केसाभोवती बारीक लाल फुगवटा येतो, अंगावर काटा आल्यासारखा. तो हवाच असतो, काही तासांत जातो. त्या दिवशी फुगवटे दिसले नाहीत, दोन्ही हात सरसकट लाल झाले. मी गार पॅक ठेवले, क्रीम लावलं. हनुवटी राहिली होती. ती म्हणाली, "पुढच्या वेळी करू." त्या नकारानं तिचा चेहरा वाचला. माझ्या शहाणपणानं नव्हे.

रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कोपरापासून मनगटापर्यंत नऊ-नऊ मिलिमीटरचे चौकोन, अंगणात फरशी बसवावी तसे ओळीनं, काहींवर फोड. जेवत होते, ताट सरकवलं आणि फोन लावला. फोड फोडू नकोस, बर्फ थेट लावू नकोस, टूथपेस्ट-हळद काही नको, सकाळी आठला ये.

सकाळी खिडकीच्या उजेडात तिचा डावा हात धरला आणि मग दिसलं. मनगटाभोवती बोटभर रुंदीचा फिका पट्टा, घड्याळाचा. त्या पट्ट्यावर काहीही झालं नव्हतं. त्याच्या एका कडेला चौकोन, दुसऱ्या कडेला चौकोन, मधली कातडी स्वच्छ. हात तोच, यंत्र तेच, ज्यूल तेच. आळंदी ते पंढरपूर तीन आठवडे उघड्या रस्त्यावर, पाऊस लांबलेला, आणि उन्हानं हात दोन छटा काळे झालेले. त्या काळेपणानंच माझा प्रकाश वाटेत पिऊन टाकला होता. केसापर्यंत जायचं ते वरच अडलं.

तिला सांगितलं, की चूक माझी आहे. पहिल्या दिवशी तिनं सही केलेल्या संमतिपत्रात 'चार आठवडे ऊन टाळावे' अशी ओळ होती, ती दाखवून सुटता आलं असतं. पण सही सहा महिन्यांपूर्वीची. समोर बसलेली मुलगी वारीहून आली हे मला ठाऊक होतं, दर्शनाचं विचारलं आणि उन्हाचं विचारलं नाही. ती रडली नाही. म्हणाली, "पूर्ण बाह्या घालायची लाज नाही मॅडम, पण ऑफिसात काय सांगू?"

चार दिवसांनी आजी आल्या. मी तयारी ठेवून होते, पण त्या भांडायला आल्याच नव्हत्या, समजून घ्यायला आल्या होत्या. मी पट्टा दाखवून काळ्या-पांढऱ्याचं सांगू लागले, तशा त्या म्हणाल्या, "अवं, ते मला कळतंय की. मी अनवाणी चालते. दुपारी डांबर तापलं की कडंचा पांढरा पट्टा धरायचा. त्यावर पाय भाजत न्हाई." कॉन्फरन्समध्ये मी स्लाइड लावून हेच सांगत असे, वीस मिनिटं घेऊन.

दहाएक दिवसांत खपल्या पडल्या. खाली काळपट चौकोन राहिले, ते जायला पाच महिने लागले. व्रण राहिला नाही, कारण भाजणं वरवरचं होतं.

तेव्हापासून यंत्र सुरू करायच्या आधी मी दंडाची आतली बाजू आणि मनगट शेजारी शेजारी ठेवून बघते. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढायला लावते ती अडचण होते म्हणून नाही, खाली काय दडलंय ते बघायला. रंगात फरक असला की सिटिंग पुढे. लग्न पंधरा दिवसांवर असलं तरी पुढे, आणि त्यावर वधूच्या आईशी माझे वाद झाले आहेत. मुळातच सावळ्या कातडीसाठी 1064 नॅनोमीटरचा, एनडी-याग नावाचा लेझर बरा, त्याला मेलॅनिन कमी शोषतं. पार्लरमध्ये 'लेझर' म्हणून जे करतात ते पुष्कळदा आयपीएल असतं, म्हणजे अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत. ते वाईट असतं असं नाही, पण चालवणाऱ्याला हे काळ्या-पांढऱ्याचं गणित यायला हवं. ते येत असूनही माझ्या हातून हे घडलं होतं.

मुलगी पुन्हा आली, दिवाळीनंतर. मला वाटलं नव्हतं. उरलेल्या सिटिंग झाल्या, दर वेळी आधी एक झोत, मग थांबून बघणं. शेवटच्या दिवशी आजी सोबत होत्या. सगळं उरकल्यावर त्यांनी हनुवटी पुढं केली, "डॉक्टरीणबाई, माझं पण ह्ये दोन काढा की."

दोन लांब पांढरे केस.

"आजी, ते पांढरे आहेत. यंत्राला दिसत नाहीत."

"एवढ्या लाखाच्या यंत्राला दिसत न्हाईत?" त्यांनी चष्मा वर सारला. "मग चिमटा हाय का?"

होता. मी काढले.