मिशी शाबूत होती, तिथेच घोळ होता

आमच्या लॅबमध्ये उंदराच्या सबस्टान्शिया नायग्राला, म्हणजे पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशी असतात त्या मेंदूच्या भागाला, सगळे 'मिशी'च म्हणतात. मिडब्रेनच्या पातळ कापाला टीएच या एन्झाइमचं स्टेनिंग केलं की डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तपकिरी उठतात आणि दोन्हीकडून झुपकेदार मिशी दिसते, एमपीटीपी हे विष दिलं की ती विरळ होते.

हे तेच विष, 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या हेरॉइनमधून काही तरुणांच्या पोटात... म्हणजे शिरेत गेलं आणि ते पार्किन्सनच्या पेशंटसारखे आखडून गेले. त्यामुळे इंजेक्शनच्या पाच दिवसांत डबल ग्लोव्ह्ज, फ्यूम हूड, पिंजऱ्यातला भुसासुद्धा विषारी कचऱ्यात, कारण ते लघवीतून बाहेर पडतं. सफाईवाल्या मामांना हे सांगायचं काम माझं, ऑफिसला त्याचं काही पडलेलं नाही.

तर त्या मंगळवारी कोड उघडला, म्हणजे कुठल्या उंदराला काय दिलं होतं ते पाहिलं. विषासोबत आमचं कंपाउंड, म्हणजे पेशी वाचवेल असं वाटणारं औषध, दिलेल्या ग्रुपची मिशी जवळपास विष न दिलेल्या कंट्रोलइतकी भरघोस! सर म्हणाले, "अगं, पेपर झाला की!" मला मात्र धडधडायला लागलं, इतकं छान कधी येतं का?

एमपीटीपी स्वतः विष नाही हो. मेंदूतलं एमएओ-बी एन्झाइम त्याचं एमपीपी प्लस हे खरं विष करतं, ते डोपामाइनच्याच ट्रान्सपोर्टरमधून पेशीत घुसतं आणि पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा कॉम्प्लेक्स वन बंद पाडतं. मग आपलं औषध पेशी वाचवतंय की एन्झाइमच अडवून विष बनूच देत नाहीये? नव्या उंदरांना इंजेक्शन देऊन नव्वद मिनिटांनी स्ट्रायटम, म्हणजे या पेशींचं डोपामाइन पोचतं तो भाग, काढला आणि एचपीएलसी या मोजणाऱ्या यंत्राला लावला. फक्त एमपीटीपी दिलेल्यांना एमपीपी प्लसचा पीक टेकडीसारखा, आमच्या औषधवाल्यांना नुसता फुगवटा.

चोर घरात आलाच नव्हता आणि आम्ही वॉचमनचा सत्कार करत होतो.

एमएओ-बी अडवणाऱ्या सेलेजिलिन या पार्किन्सनच्या औषधानेही प्राण्यांत असंच वाचवलं होतं. मग 800 पेशंटवर डेटाटॉप ट्रायल झाली, आजाराची वाढ मंदावल्यासारखी वाटली, पण ते औषध मुळात लक्षणंच कमी करतं, म्हणजे पेशी वाचल्या का हे त्यातून ठरेना. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी अमक्या पाल्याचा अर्क, तमक्या मुळीचा अर्क करत पेपर निघतात आणि एमपीपी प्लस मोजायला कुणाला वेळ नसतो.

सर दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता विष बनून झाल्यावर औषध सुरू करून बघ." तेच चाललंय. स्लाइड्स मोजायच्यात, आणि या वेळी कोड ज्युनिअरकडे दिलाय. मिशी भरघोस दिसावी असं मला फार वाटतंय ना, म्हणून.