आमची वाटचाल : रेडिओच्या खरखरीपासून ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांपर्यंत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुन्या रेडिओच्या दुरुस्तीचा हिशेब सरळ असतो : व्हॉल्व (आवाज वाढवणारी काचेची नळी) बदला, पैसे घ्या. आमची सुरुवातही तीच. पण नवा ईएल ८४, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा शेवटचा व्हॉल्व, बसवलेला सेट काही महिन्यांत चिरका आवाज घेऊन परत यायचा. 'असं का?' याचे पैसे कुणी देत नाही. ते शटर अर्धं ओढल्यावर बघायचं.

दोष निघाला आधीच्या व्हॉल्वकडून आवाज पुढे नेणाऱ्या ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. आत कागद, वर मेण. मुंबईच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि त्यातून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) झिरपू लागतो. ईएल ८४ च्या २ नंबर पिनवर, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या ग्रिडवर, जवळपास शून्य व्होल्ट हवेत. तिथे एक-दोन व्होल्ट चढले तरी व्हॉल्व जादा करंट खेचतो, तापतो, शेवटी व्हॉल्व आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाळतो. म्हणून आधी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर, मग व्हॉल्व. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट २३० व्होल्टवर लावायचा नाही. सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब हवा. तो लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. हम, म्हणजे स्पीकरमधली घुंघुं, घालवायला फिल्टर कपॅसिटर वाटेल तेवढा मोठा लावणारेही भेटतात. पण ईझेड ८० हा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व) पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर सोसत नाही.

जळालेले आउटपुट ट्रान्सफॉर्मर बाहेर तारेचे वेढे नव्याने भरायला द्यायचो. भरून यायचे, पण खर्ज गायब! कारण पत्रे रचण्यात होतं. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला ई आणि आय पत्रे आलटूनपालटून घालतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (व्हॉल्वकडच्या गुंडाळीतून) सतत डीसी वाहतो, त्या रचनेत कोअर, म्हणजे पत्र्यांचा गाभा, सॅच्युरेट होतो : आणखी चुंबकत्व घेत नाही. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पातळ कागदाची फट, असं हवं. हे उमगल्यावर वाइंडिंग मशीन घेतलं. गणित अवघड नाही : ईएल ८४ ला ५,२०० ओहमचा लोड, स्पीकर ४ ओहमचा, भागाकार १,३००, त्याचं वर्गमूळ ३६. म्हणजे प्रायमरीच्या ३६ वेढ्यांना सेकंडरीचा (स्पीकरकडच्या गुंडाळीचा) एक.

आज बाकावर रेडिओपेक्षा ट्रान्सफॉर्मरच जास्त असतात. सध्या डोकं वरच्या सुरांत अडकलंय. प्रायमरी एकसलग गुंडाळली की ते बोथट येतात, म्हणून अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी. थरांमधला कागद जाड घेतला तर गुंडाळी पत्र्यांच्या खिडकीत मावत नाही, पातळ घेतला तर इन्सुलेशनची धास्ती.